जोखीम कोणी पाहायची? महालातल्या बँकेपासून आपल्या गटापर्यंत



मागच्या भाषणांत आपण बचत, अंतर्गत कर्ज आणि हिशेबाच्या वह्यांबद्दल बोललो. आज आम्ही एका पदाचा इतिहास सांगणार आहोत. मोठ्या बँकांत आणि कंपन्यांत हल्ली एक मोठा साहेब किंवा मोठी मॅडम असते, तिला ‘मुख्य जोखीम अधिकारी’ म्हणतात. ठेवी गोळा करणं, कर्ज वाटणं, नफा वाढवणं ही तिची कामं नाहीत. आज करतो आहोत ते उद्या उलटलं तर काय होईल, हे आधी पाहायचं आणि गरज पडली तर मालकाच्या तोंडावर ‘थांबा’ म्हणायचं, एवढ्यासाठी तिला पगार मिळतो.

तुम्ही म्हणाल, मुंबईतल्या काचेच्या इमारतीतली ही गोष्ट आम्हाला कशाला? तर या पदाची गरज का पडली, हे समजून घ्यायला मुंबईला जावं लागत नाही. आपल्या नागपूरच्या महालात गांधीसागर तलावाजवळ गेलं तरी पुरतं. तिथे नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं मुख्यालय आहे. त्या बँकेचं काय झालं, ते आज सांगतो. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

‘जोखीम’ हा शब्द आपल्याला नवा नाही. लग्नाला निघालेल्या सुनेला सासू म्हणते, “अंगावर जोखीम आहे, एकटी जाऊ नकोस.” इथे जोखीम म्हणजे सोनं. म्हणजे मौल्यवान वस्तू आणि तिच्यामागचा धोका, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. जिथे मोलाचं काही आहे, तिथेच धोका आहे. या शब्दाच्या शेजारी ‘जोखणे’ हा शब्द बसलेला आहे. जोखणे म्हणजे तोलून पाहणे. माणूस जोखावा, माल जोखावा, मग व्यवहार करावा, ही जुनी रीत.

जुन्या काळचे व्यापारी तर जोखमीचा चक्क व्यवहार करत. मुंबई-गुजरातकडच्या समुद्री व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता. एखादा व्यापारी गलबतातून माल पाठवी आणि त्या मालावर हुंडी काढी. दुसरा सावकार ती हुंडी काही रक्कम कापून विकत घेई. माल सुखरूप पोहोचला तर माल घेणारा हुंडीचे पैसे देई. गलबत बुडालं तर सावकाराचे पैसेही बुडाले, त्याला कोणाकडे मागता येत नसे. त्यामुळे हुंडी घेण्याआधी तो विचारी: गलबत कोणाचं, तांडेल कोण, हंगाम कुठला, पावसाळा किती जवळ आला? विचारपूस करणाराही तोच आणि बुडालं तर भरणाराही तोच. त्यामुळे तो डोळ्यांत तेल घालून पाहत असे.

बँका आल्या आणि इथेच मोठा फरक पडला. बँकेत पैसा ठेवीदाराचा असतो आणि निर्णय दुसऱ्याचा असतो. निर्णय घेणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. मग विचारपूस कोण करणार? या एका प्रश्नाचं उत्तर सापडायला आपल्या देशाला फार वर्षं लागली, आणि प्रत्येक वेळी ते उत्तर कोणीतरी बुडाल्यावरच सापडलं.

१९६० सालची गोष्ट घ्या. त्या वर्षी देशात दोन बँका कोसळल्या. एक केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि दुसरी आपल्या विदर्भातली, अकोल्याची लक्ष्मी बँक. लोकांचा बँकांवरचा भरवसाच डळमळला. त्यानंतर सरकारने कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचं संरक्षण मिळालं. सुरुवातीला हे संरक्षण एका ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत होतं. सहकारी बँकांपर्यंत ते पोहोचायला १९७१ साल उजाडलं. १९९३ मध्ये ही मर्यादा १ लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख. आज तुमचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत असो की जिल्हा सहकारी बँकेत, एका बँकेत एका ठेवीदाराचे व्याजासह ५ लाखांपर्यंतचे पैसे या विम्याखाली येतात. पण मैत्रिणींनो, हे नीट ऐका: पतसंस्था या विम्यात येत नाहीत. ‘बँकेसारखीच आहे’ असं कोणी सांगितलं तरी पतसंस्था ही बँक नव्हे. गटाचे पैसे कुठे ठेवायचे हे ठरवताना हा फरक लक्षात असू द्या.

विमा हे बुडाल्यानंतरचं औषध झालं. बुडू नये म्हणून आधी पाहणारं कोणी अजूनही नव्हतं. आता आपण महालात येऊ.

महाल हा नागपूरचा जुना भाग. बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं, पुढे भोसल्यांनी ते राजधानीचं केलं आणि त्यांच्या वाड्यांमुळे या भागाला महाल हे नाव पडलं. बडकस चौक, चिटणीस पार्क, गांधी गेट, हे सगळं याच भागातलं. जुना शुक्रवारी तलाव म्हणजे आजचा गांधीसागर. जिल्ह्यातले शेतकरी पीककर्जासाठी ज्या बँकेवर अवलंबून असतात, तिचं मुख्यालय याच तलावाजवळ आहे. आपल्यापैकी अनेकींच्या सासऱ्यांनी, वडिलांनी सोसायटीतून जे कर्ज घेतलं, त्या सोसायटीला पैसा याच बँकेतून येई. म्हणजे ही बँक परकी नाही, गावाची आहे.

बँकेकडे ठेवी येतात, पण सगळा पैसा लगेच कर्जात जात नाही. उरलेला काही पैसा सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. सरकारी रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाची पावती. सरकार पैसे बुडवत नाही, म्हणून ही गुंतवणूक सगळ्यांत सुरक्षित समजली जाते. २००१-०२ मध्ये नागपूर जिल्हा बँकेने असे रोखे घ्यायचे म्हणून खासगी दलाल कंपन्यांकडे पैसे दिले. या कंपन्यांत एक होती होम ट्रेड. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन यांच्यासारखे चेहरे तिच्या जाहिरातीत झळकत होते. पैसे गेले. रोखे मात्र बँकेच्या हातात आलेच नाहीत. सुमारे १५० कोटी रुपयांचा हा घोटाळा २००२ मध्ये उघड झाला. वर्धा आणि उस्मानाबाद जिल्हा बँकांचेही पैसे होम ट्रेडकडे अडकले.

१५० कोटी म्हणजे किती? आकडा मोठा झाला की डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून आपल्या हिशेबात मांडू. दहा जणींचा गट, दरमहा प्रत्येकीची १०० रुपये बचत. वर्षाचे झाले १२,००० रुपये. या हिशेबाने १५० कोटी म्हणजे सव्वा लाख गटांची वर्षभराची बचत. साडेबारा लाख बायकांनी चहा-साखरेतून, मजुरीतून, अंड्यांच्या पैशातून बाजूला काढलेले वर्षभराचे शंभर-शंभर रुपये.

विशेष लेखापरीक्षकांच्या तक्रारीवरून गणेशपेठ पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. तपास झाला, खटला चालला आणि निकाल लागायला २१ वर्षं गेली. २२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार, तत्कालीन महाव्यवस्थापक आणि दलाल मिळून सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची सक्तमजुरी सुनावली; तिघांची निर्दोष मुक्तता झाली. केदार यांची आमदारकी गेली. त्यांनी निकालाविरुद्ध अपील केलं आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. कोर्टाचं काम कोर्ट करील. आपल्याला बघायचं आहे ते दुसरंच.

या काळात बँकेचं काय झालं? तिची आर्थिक ताकद खचली. बँक म्हणून चालायला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, तो मिळण्याइतकं भांडवलही तिच्याकडे उरलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या अशा २३ परवाना नसलेल्या जिल्हा बँकांना सावरण्यासाठी सुमारे २,३७५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातल्या तीन बँका होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. तिन्ही विदर्भातल्या. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि नाबार्डचा. म्हणजे शेवटी तुमचा-आमचाच. आणि मधल्या वर्षांत ज्या शेतकऱ्याला पेरणीच्या तोंडावर सोसायटीतून पैसा मिळाला नाही, तो कोणाच्या दारात गेला असेल, हे विदर्भातल्या बाईला समजावून सांगायची गरज नाही.

आता डोळे मिटून एक कल्पना करा. २००१ सालच्या त्या बँकेत एक जोखीम अधिकारी आहे. तिच्या टेबलावर रोखे खरेदीचा कागद येतो. ती काय विचारेल?

पहिलं, हा दलाल कोण? त्याला आपण कोणी जोखलं आहे का? जाहिरातीत कोण दिसतं, हे मला नको. त्याने आजवर किती व्यवहार पुरे केले, ते सांगा.

दुसरं, एकाच प्रकारच्या माणसांच्या हातात आपण एकूण किती पैसा देतो आहोत? त्याला मर्यादा आहे का?

तिसरं, पैसा आणि रोखा एकाच वेळी हातोहात बदलणार आहे का? की पैसा आज आणि रोखा ‘नंतर पाठवतो’? बाजारात भाजी घेतानाही आपण एका हाताने पैसे देतो आणि दुसऱ्या हाताने पिशवी घेतो. मग कोटींच्या व्यवहारात हात रिकामा का?

चौथं, खरेदी करणारा, तपासणारा आणि पैसे सोडणारा असे तीन वेगळे लोक आहेत का?

यात एकही प्रश्न अवघड नाही. चौथी शिकलेली बाईसुद्धा हे विचारेल. अडचण प्रश्नांची नव्हतीच. हे प्रश्न विचारणं ज्याचं काम आहे आणि उत्तर मिळेपर्यंत कागद अडवून ठेवायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, असा माणूस साखळीत हवा. लेखापरीक्षक होता, पण लेखापरीक्षक मागून येतो. काय झालं ते तो सांगतो. जोखीम अधिकारी पुढे उभा असतो. काय होऊ शकतं ते तो सांगतो. दोघेही हवेत, पण एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

घोटाळ्यानंतर नियम कडक झाले. रोखे कागदाच्या रूपात न ठेवता खात्यात नोंदवून ठेवायचे, म्हणजे आपल्या नावावर खरंच काय आहे ते कोणालाही पाहता यावं, अशी सक्ती सहकारी बँकांवर आली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. इथे ठेच लागली ती मात्र सगळ्या जिल्ह्याला.

‘मुख्य जोखीम अधिकारी’ हे पद जगात कधी आलं? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या जीई कॅपिटल या कंपनीत जेम्स लॅम नावाच्या अधिकाऱ्याला पहिल्यांदा हे नाव मिळालं, असं मानतात. म्हणजे हे पद आपल्यातल्या बऱ्याच जणींपेक्षा वयाने लहान आहे. त्याआधीही बँकांत कर्ज तपासणारे लोक होते, पण विखुरलेले. एक कर्जाची काळजी करी, दुसरा व्याजदराची, तिसरा विम्याची. घरात एक जण चूल बघतोय, एक जण दार, एक जण गोठा. पण घराला आग लागू शकते का, याचा एकत्र विचार कोणीच करत नाही, तसं. लॅम यांच्या पदामुळे सगळ्या धोक्यांची एक वही झाली आणि ती वही एका माणसाच्या हातात आली.

पण पद दिलं म्हणून अधिकार मिळतोच असं नाही. हे आपल्याला चांगलं माहीत आहे. सरपंच बाई आणि सही नवऱ्याची, हे आपण पाहिलं आहे. जगातल्या मोठ्या कंपन्यांतही असंच घडलं, आणि त्यातली सगळ्यांत बोलकी गोष्ट एका बाईचीच आहे.

तिचं नाव मॅडलिन अँटॉन्सिक. अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेली ही बाई २००२ मध्ये अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या १८५० सालच्या जुन्या वित्तसंस्थेत मुख्य जोखीम अधिकारी झाली. जोखीम किती घ्यायची याच्या मर्यादा कंपनीने स्वतःच ठरवल्या होत्या. पण घरं-जमिनींच्या बाजारात तेजी आली तशी वरच्या साहेबांना घाई झाली. मर्यादा वाढवल्या गेल्या, ओलांडल्याही गेल्या. अँटॉन्सिक यांनी हरकती घेतल्या, पण त्यांचं म्हणणं मागे पडत गेलं, हे पुढे झालेल्या चौकशीत नोंदलं गेलं. २००७ मध्ये त्यांना त्या पदावरून हलवून सरकारशी संपर्क ठेवण्याचं काम दिलं. त्यांच्या जागी कंपनीचा वित्तविभाग सांभाळणारा अधिकारी आणला. वर्षभराच्या आत, १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि जगभर मंदीची लाट आली. २०११ मध्ये अँटॉन्सिक जागतिक बँकेच्या खजिनदार झाल्या. ज्या बाईला कंपनीने बाजूला सारलं, तिच्या हाती जगातल्या एका मोठ्या विकास बँकेची तिजोरी आली.

या गोष्टीतून जगभरच्या बँकांनी धडा घेतला. जोखीम पाहणारी व्यक्ती हुशार असून भागत नाही. तिला सहज हलवता आलं, तर तिची हुशारी वाया जाते.

आपल्या रिझर्व्ह बँकेने १९९९ मध्येच व्यापारी बँकांना जोखीम व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं दिली होती. एप्रिल २०१७ मध्ये तिने मुख्य जोखीम अधिकाऱ्याच्या पदासाठी स्पष्ट नियम केले. २०१९ मध्ये ५,००० कोटींहून जास्त मालमत्तेच्या वित्त कंपन्यांना हे पद बंधनकारक झालं. गावोगाव आठवड्याचे हप्ते गोळा करणाऱ्या मोठ्या सूक्ष्म वित्त कंपन्याही त्यात आल्या. २०२१ मध्ये ५,००० कोटी किंवा जास्त मालमत्तेच्या नागरी सहकारी बँकांनाही ते लागू झालं. हे नियम वाचले की जाणवतं, ते माणसाचा स्वभाव ओळखून लिहिलेले आहेत. त्यातले चार तुम्हाला सांगतो.

एक. या अधिकाऱ्याची मुदत ठरलेली असते आणि मुदतीआधी त्याला हलवायचं तर संचालक मंडळाची मंजुरी लागते. म्हणजे एकट्या साहेबाला राग आला म्हणून बदली, असं चालत नाही.

दोन. त्याला धंदा वाढवण्याचं उद्दिष्ट द्यायचं नाही. ज्याला जास्त कर्ज वाटलं की बक्षीस मिळणार आहे, तो कर्ज अडवेल कशाला?

तीन. एका डोक्यावर दोन टोप्या नकोत. जोखीम अधिकाऱ्याकडे वित्तविभाग, अंतर्गत लेखापरीक्षण किंवा कंपनीचं प्रमुखपद एकाच वेळी द्यायचं नाही.

चार. तो मुख्य साहेबाच्या हाताखाली काम करत असेल, तर तिमाहीला एकदा तरी संचालकांच्या जोखीम समितीने त्याला साहेब नसताना, एकट्याला भेटायचं. हा नियम आम्हाला सगळ्यांत आवडतो. घरातली सून सासू समोर असताना काय बोलते आणि माहेरी आल्यावर काय बोलते, हे ज्याला कळतं त्यानेच हा नियम लिहिला असावा.

या पदापर्यंत माणूस पोहोचतो कसा, हेही सांगायला हवं, कारण आपल्या मुली आता बारावी, बीकॉम, बीएस्सी करतात. कोणी थेट जोखीम अधिकारी म्हणून लागत नाही. सुरुवात शाखेतून होते. कर्जाचे अर्ज तपासायचे, शेत पाहायचं, गोदामातला माल मोजायचा. मग मुख्यालयात पतविभाग, तपासणी विभाग, गुंतवणुकीचा विभाग. पंधरा-वीस वर्षं कर्ज बुडताना आणि वसूल होताना पाहिलेली असतात, तेव्हा नजर तयार होते. सोबत परीक्षा असतात: बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी, कोणी सीए करतं, कोणी जोखीम विषयातली एफआरएम ही आंतरराष्ट्रीय परीक्षा देतं. गणित, संख्याशास्त्र आणि संगणक येणाऱ्या मुलींना या क्षेत्रात वाव आहे. घरात एखादी मुलगी प्रत्येक गोष्टीत “पण असं झालं तर?” विचारत असेल, तर तिला गप्प करू नका.

रोजचं कामही आपल्या ओळखीचं आहे, फक्त नावं मोठी आहेत. कर्ज घेतलेला फेडेल का, याला पतजोखीम म्हणतात. कापसाचा भाव पडला, व्याज वाढलं, तर काय, ही बाजारजोखीम. एकाच दिवशी सगळे पैसे काढायला आले तर तिजोरीत रोकड आहे का, ही रोखतेची जोखीम. वही चुकली, सही खोटी झाली, संगणक बंद पडला, ही कामकाजाची जोखीम. आणि या सगळ्यांवर एक मोठी: सगळा पैसा एकाच दिशेला तर गेला नाही ना?

आता आपल्या गटाकडे पाहू. १९९२ मध्ये नाबार्डने देशभरात ५०० गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज त्या प्रयोगाचा केवढा विस्तार झाला, ते तुम्ही स्वतःच आहात. उमेदच्या ग्रामसंघांत ‘जोखीम प्रवणता निधी’ असतो. आजारपण, अन्नटंचाई, अचानक आलेलं संकट यासाठी तो आहे. म्हणजे जोखीम हा शब्द आपल्या वहीत आधीपासून लिहिलेला आहे. पण गावोगाव बैठका घेताना आम्हाला दिसतं की निधी आहे, वही आहे, तरी प्रश्न विचारण्याचं काम नेमकं कोणाचं, हे ठरलेलं नाही. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आहेत. पुस्तक लिहिणारी ताई आहे. पण पुस्तक लिहिणारी ताई, लेखापरीक्षकासारखीच, झालेलं लिहिते. होऊ शकणारं कोण लिहितं?

एका बैठकीत दहापैकी आठ जणींनी शेळ्यांसाठी कर्ज मागितलं. भाव चांगला होता, सगळ्या खूश. एक ताई म्हणाली, “रोग आला तर आठही घरी एकाच आठवड्यात येईल. मग हप्ता कोण भरणार?” कोणाला तिचं बोलणं आवडलं नाही. पण बोलणं खरं होतं. शेवटी चौघींनी शेळ्या घेतल्या आणि विमाही काढला. बाकीच्यांपैकी कोणी शिलाई मशीन घेतलं, कोणी भाजीची गाडी. त्या ताईने कुठलीही परीक्षा दिली नव्हती. जगातल्या मोठ्या बँका ज्याला एकवटलेली जोखीम म्हणतात, ती तिने एका वाक्यात सांगितली.

म्हणून आमची सगळ्या गटांना आणि ग्रामसंघांना सूचना आहे. रिझर्व्ह बँकेचे तेच चार नियम आपल्या घरच्या मापाने बेतून घ्या. वर्षासाठी एक ताई नेमा, जिचं काम फक्त “पण असं झालं तर?” विचारणं असेल. ती कोषाध्यक्ष नको, गटातली सर्वांत मोठी कर्जदार नको, अध्यक्षाची जाऊ-नणंदही नको. तिने विचारलेला प्रश्न आणि त्याचं मिळालेलं उत्तर कार्यवाही वहीत लिहा. बहुमताने तिचं म्हणणं बाजूला ठेवलं तरी चालेल, पण ते लिहिलेलं असलं पाहिजे. तिला काढायचं असेल तर सगळ्यांच्या बैठकीत, कारण सांगून काढा. आणि तीन महिन्यांतून एकदा पदाधिकाऱ्यांना बाहेर चहा करायला पाठवून बाकीच्या सभासदांनी तिला विचारा, “ताई, तुला काही खटकतंय का?”

काही जणी म्हणतात, याने गटात अविश्वास वाढेल. ‘आमचा एकमेकींवर विश्वास आहे,’ असं त्या सांगतात. विश्वास हवाच. पण विश्वास पानिपतात गेला, ही म्हण आपल्याच भाषेतली आहे. महालातल्या बँकेतही ठेवीदारांचा विश्वास होताच. तो विश्वास शाबूत राहावा म्हणूनच कोणीतरी प्रश्न विचारायचे असतात. ज्या गटात प्रश्न विचारून उत्तर मिळतं, तिथल्या बायका पुढच्या महिन्यात हात राखून नव्हे, निश्चिंत मनाने बचत टाकतात.

पुढच्या वेळी कामानिमित्त नागपूरला गेलात, एसटी स्टँडवरून महालाकडे निघालात आणि गांधीसागर दिसला, तर क्षणभर थांबा. सोबत लेक किंवा सून असेल तर तिला सांगा की इथे शेतकऱ्यांची एक बँक आहे, तिला सावरायला सरकारी तिजोरी उघडावी लागली आणि निकाल लागायला २१ वर्षं गेली. मग घरी येऊन गटाची कार्यवाही वही उघडा आणि शेवटचा प्रश्न कोणी, कधी विचारला होता, ते पाहा.

पुढच्या भाषणात आपण शेळी आणि दुभत्या जनावरांच्या विम्याबद्दल बोलू: कागद कुठले लागतात, कानातला बिल्ला का जपायचा आणि जनावर दगावलं तर पहिला फोन कोणाला करायचा. तोपर्यंत तुमच्या गटाने जोखीम पाहणारी ताई नेमली का, ते आम्हाला जरूर कळवा.